इंधन वाचवणारी जोड-उपकरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेतल्यानंतर वेगळी विकत घेऊन बसवायची आणि ‘ॲव्हरेज वाढवते’ असा दावा असलेली उपकरणे, द्रव्ये आणि गोळ्या यांविषयी ज्या शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. चर्चा मुख्यतः पेट्रोलवर चालणाऱ्या, इंजेक्शन प्रणालीच्या मोटारगाड्यांची आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या (संगणकाविना, हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या) गाड्यांबाबत जेथे उत्तर बदलते तेथे तसे नमूद केले आहे.

ही उपकरणे खरोखर इंधन वाचवतात का?

जवळजवळ सगळीच वाचवत नाहीत. हे मत नव्हे, मोजमापांचा निष्कर्ष आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर अशा उपकरणांचे पेव फुटले, तेव्हा अमेरिकेत त्यांची अधिकृत तपासणी करण्याची कायदेशीर तरतूद झाली आणि तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ‘ईपीए’ने, पुढील काळात शंभरहून अधिक उपकरणे व द्रव्ये तपासली. लक्षणीय बचत करणारे असे एकही त्यात सापडले नाही. मोजक्या काही उपकरणांनी किंचित फरक दाखवला आणि काहींमुळे धुरातील प्रदूषण उलट वाढले.

किंचित फरक दाखवणारी उपकरणे कोणती होती हे पाहण्यासारखे आहे. गाडी जोरात वेग घेत असताना एसीचा कॉम्प्रेसर तेवढ्यापुरता बंद करणारे एक साधन त्यांत होते. त्यात गूढ काहीच नाही: कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनाची शक्ती लागते, तो बंद केला की ती वाचते, आणि त्या वेळेपुरता गारवा कमी होतो. बचत कुठून आली आणि तिच्या बदल्यात काय गेले, ही दोन्ही उत्तरे येथे सरळ मिळतात. कोणत्याही उपकरणाला हाच प्रश्न विचारावा, की वाचलेले इंधन आजवर नेमके कुठे वाया जात होते? पुढची बहुतेक उत्तरे या एका प्रश्नाभोवती फिरतात.

पण इंजिनात पुष्कळ पेट्रोल न जळताच बाहेर पडते, हे खरे ना?

नाही, आणि सगळ्या जाहिरातबाजीचा पाया नेमक्या याच गैरसमजावर उभा आहे. तापलेल्या, सुस्थितीतील आधुनिक इंजिनात सिलिंडरमध्ये शिरलेल्या पेट्रोलपैकी 98 टक्के किंवा त्याहूनही अधिक भाग जळतो. उरलेल्या एक-दोन टक्क्यांपैकी बहुतांश भागाचे ज्वलन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुराच्या नळीतील प्रदूषके निकामी करणाऱ्या भागात, पूर्ण होते. म्हणजे ‘संपूर्ण ज्वलन’ घडवणारे आदर्श उपकरण उद्या कोणी बनवले, तरी त्याच्या वाट्याला एक-दोन टक्क्यांपेक्षा अधिक काही येणार नाही. त्यामुळे ‘ज्वलन सुधारून 20 ते 30 टक्के बचत’ असे वाक्य वाचले की पुढे वाचण्याची गरज उरत नाही.

नासाडी होतच नाही असे मात्र नाही. ती प्रचंड होते. फक्त ती न जळलेल्या पेट्रोलची नसून जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेची असते. पेट्रोलमधील ऊर्जेचा ढोबळमानाने चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, आणि गर्दीच्या रस्त्यावर तेवढाही नाही. बाकीची ऊर्जा तप्त धुरावाटे, रेडिएटरवाटे आणि इंजिनाच्या अंतर्गत घर्षणात जाते. उष्णतेचे गतीत रूपांतर करणाऱ्या कोणत्याही यंत्राला ऊष्मागतिकीच्या नियमांनी घातलेली मर्यादा असते, आणि त्या मर्यादेच्या आत राहून कार्यक्षमता वाढवायची तर कॉम्प्रेशन रेशो, झडपांच्या उघडझापीची वेळ, पिस्टनचा आकार, घर्षण अशा मूलभूत गोष्टी बदलाव्या लागतात. उत्तम पेट्रोल इंजिनांची कमाल कार्यक्षमता आज 40 टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहे ती अशा बदलांमुळे. नळीवर बाहेरून चिमट्यासारखे अडकवलेले काही तेथपर्यंत पोहोचत नाही.

पेट्रोलच्या नळीवर बसवायच्या चुंबकाने काय होते?

काहीही होत नाही. दावा असा असतो की पेट्रोलचे रेणू गुच्छ करून असतात, चुंबकीय क्षेत्रातून जाताना ते सुटे होतात आणि मग अधिक चांगले जळतात. पेट्रोलमधील हायड्रोकार्बन प्रतिचुंबकीय असतात. चुंबकाला त्यांचा प्रतिसाद अत्यंत क्षीण असतो आणि क्षेत्राबाहेर पडताच तोही संपतो. शिवाय इंजेक्टर ते द्रव दाबाखाली सूक्ष्म तुषारांच्या रूपात फवारतो, तुषारांची वाफ होते, आणि ठिणगी पडण्याच्या क्षणी नळीतील इतिहासाची कोणतीही खूण त्या वाफेत शिल्लक नसते. ईपीएने तपासलेल्या वस्तूंमध्ये चुंबकही होते. त्यांनी फरक दाखवला नाही.

तरीही हे उपकरण सर्वांत चिवट ठरले आहे. माझ्या मते याचे कारण एवढेच, की ते बसवायला दोन मिनिटे लागतात आणि ते काही बिघडवत नाही. बिघाड झाला नाही की तक्रार होत नाही, आणि तक्रार नसणे हीच पुढे शिफारस ठरते.

हवेला भोवरा देणारी पाती एअर फिल्टरच्या पुढे बसवली तर?

हवा व पेट्रोल यांचे मिश्रण नीट होण्यासाठी सिलिंडरमध्ये भोवरे निर्माण होणे आवश्यक असते, हे म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच इंजिनाचा आराखडा करणारे अभियंते इनटेक पोर्टचा कोन आणि पिस्टनच्या माथ्याचा आकार यांवर बराच वेळ घालवतात. परंतु फिल्टरजवळ हवेला दिलेली गिरकी पुढच्या वळणांत, थ्रॉटलच्या पडद्याशी आणि मॅनिफोल्डमध्ये विरून जाते. शिल्लक राहतो तो पात्यांचा अडथळा, आणि पूर्ण जोर लावल्यावर त्यामुळे शक्ती थोडी घटते.

पाण्यापासून हायड्रोजन बनवून इंजिनात सोडणारे किट उपयोगी आहे का? त्यात तर खरे रसायनशास्त्र आहे.

रसायनशास्त्र खरे आहे, जमाखर्च चुकलेला आहे. या किटमध्ये बॅटरीच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन व ऑक्सिजन मिळवतात आणि ते वायू इंजिनाच्या हवेत मिसळतात. वीज अल्टरनेटरकडून, म्हणजे गाडीतील वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, येते, अल्टरनेटर इंजिनाने फिरतो आणि इंजिन पेट्रोलवर चालते. आता आकडे घालून पाहू, आणि ते किटच्या बाजूने थोडे उदारपणेच घालू.

किट 14 व्होल्टला 20 ॲम्पियर ओढते असे धरले तर त्याची शक्ती 280 वॅट होते. अल्टरनेटरची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर तेवढ्या विजेसाठी इंजिनाला सुमारे 465 वॅट यांत्रिक शक्ती द्यावी लागते. इंजिन 25 टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर त्यासाठी जवळपास 1,900 वॅट इतक्या दराने पेट्रोल जळते. विघटनाची कार्यक्षमता 70 टक्के मानली, तर हाती येणारा हायड्रोजन सुमारे 200 वॅटचा असतो. म्हणजे 1,900 टाकून 200 मिळाले, आणि तेही पुन्हा त्याच 25 टक्के कार्यक्षमतेच्या इंजिनात जळणार.

प्रमाणही पाहावे. मोकळ्या रस्त्यावर ताशी पाच लिटर पेट्रोल पिणारी गाडी सुमारे 44,000 वॅट दराने ऊर्जा वापरत असते, कारण एका लिटरमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यापुढे 200 वॅटचा हायड्रोजन अर्धा टक्काही भरत नाही. यावर विक्रेत्यांचे उत्तर ठरलेले असते: हायड्रोजन इंधन म्हणून नव्हे, तर ज्वलनाला गती देणारा सोबती म्हणून काम करतो. हायड्रोजनची ज्वाला वेगाने पसरते हे खरे आहे, आणि अतिविरळ, म्हणजे हवा पुष्कळ आणि पेट्रोल कमी असलेल्या, मिश्रणावर चालण्यासाठी खास बनवलेल्या प्रायोगिक इंजिनांत त्याचा उपयोगही होतो. पण त्यासाठी हायड्रोजनचे प्रमाण पुष्कळ जास्त लागते. नेहमीच्या गाडीत मिश्रण संगणक ठरवतो आणि 98 टक्के ज्वलन आधीच होत असते. सोबत्याला करायला काम उरलेले नसते.

मग निव्वळ पाण्यावर चालणारी गाडी?

पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन; राखेला पुन्हा पेटवण्यासारखाच हा प्रकार आहे. अमेरिकेतील स्टॅन्ली मेयर यांनी आपली गाडी पाण्यावर धावते असा दावा केला होता. दोन गुंतवणूकदार न्यायालयात गेले, तज्ज्ञांनी मेयर यांचा पाण्याचे विघटन करणारा ‘सेल’ तपासला, आणि त्यात नेहमीच्या विद्युत-विघटनापलीकडे काहीच आढळले नाही. 1996 मध्ये ओहायोतील न्यायालयाने हा उघड आणि ढळढळीत फसवणुकीचा प्रकार ठरवला व गुंतवणूकदारांचे 25,000 डॉलर परत करण्याचा आदेश दिला. 1998 मध्ये मेयर यांचा मृत्यू झाला आणि त्यांचा शोध कोणीतरी दाबला ही कथा त्यानंतर अधिकच पसरली. न्यायालयाचा निकाल त्यापूर्वीचा आहे, हे ती कथा सांगणारे सहसा सांगत नाहीत.

ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल बदलणाऱ्या सर्किटने तरी बचत होते ना?

या सर्किटचा परिणाम मात्र खरोखर होतो, आणि म्हणूनच ते अधिक धोकादायक आहे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर धुरातील ऑक्सिजन पाहून इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, सतत कळवतो आणि ईसीयू पेट्रोल किंचित कमीजास्त करत हे गुणोत्तर राखतो. मधे बसवलेले सर्किट सेन्सरचा सिग्नल खोटा करून मिश्रणात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल असल्याचे भासवते आणि ईसीयू पेट्रोल कमी करतो.

विरळ मिश्रणावर इंजिनाची कार्यक्षमता काही मर्यादेपर्यंत किंचित वाढू शकते. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही प्रकारची प्रदूषके एकाच वेळी निकामी करतो ते फक्त 14.7 च्या अगदी जवळच्या अरुंद पट्ट्यात. मिश्रण विरळ झाले की नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. जोर लावताना विरळ मिश्रणामुळे ठोके येऊ शकतात, झडपा व कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापू शकतात, ठिणगी वाया जाऊ लागते आणि इंजिन अडखळते. शिवाय ईसीयू कालांतराने दुसऱ्या सेन्सरशी ताळमेळ घालून ही लबाडी बऱ्याच अंशी भरून काढतो. प्रदूषण-नियंत्रण यंत्रणेत असा फेरफार करणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे. हायड्रोजनच्या किटसोबत असे सर्किट बहुधा ‘आवश्यक जोड’ म्हणून दिले जाते. किटमुळे बचत झाल्याचे कुणी प्रामाणिकपणे सांगत असेल, तर ती कदाचित या सर्किटची असते आणि तिची किंमत कन्व्हर्टर मोजत असतो.

ओबीडी सॉकेटमध्ये किंवा सिगारेट लायटरमध्ये लावायच्या डबीचे काय?

ओबीडी सॉकेट म्हणजे मेकॅनिक गाडीच्या संगणकातील दोष वाचण्यासाठी वापरतो ती जोडणी. तिच्यात लावायच्या काही स्वस्त डब्या जिज्ञासू तंत्रज्ञांनी उघडून पाहिल्या, तेव्हा आत एक साधी चिप आणि लुकलुकणारे दिवे एवढेच सापडले. गाडीच्या संगणकाशी बोलण्यासाठी लागणारा भागच त्यांत नव्हता. ‘ही डबी दीड-दोनशे किलोमीटरमध्ये तुमची चालवण्याची सवय शिकून घेते’ हे वाक्य अशा वस्तूंच्या पत्रकावर असते, आणि तेवढ्या अंतरात वस्तू परत करण्याची मुदत निघून जाण्याचा संभव असतो. लायटरमधील डबी ‘व्होल्टेज स्थिर करते’ म्हणतात. व्होल्टेज स्थिर ठेवण्याचे काम अल्टरनेटरचा रेग्युलेटर आणि बॅटरी आधीपासून करत असतात, आणि इग्निशन कॉइल तेथील किरकोळ चढउताराने पेट्रोल कमीजास्त जाळत नाही.

ओबीडीमध्ये लावून त्या-त्या क्षणाचा इंधनखर्च पडद्यावर दाखवणारे उपकरण ही वेगळी गोष्ट आहे. ते स्वतः काही वाचवत नाही आणि तसा दावाही करत नाही. पण पाय दाबताच आकडा कसा उसळतो हे दिसू लागले, की चालवणारा आपसूक सांभाळून चालवू लागतो. या बाजारात मला पटलेली ही एकमेव डबी आहे.

टाकीत घालायची द्रव्ये, गोळ्या, ॲसिटोन, डांबरगोळ्या?

यांत फरक केला पाहिजे. डिटर्जंट असलेली चांगली द्रव्ये इंजेक्टरवर साठलेला थर साफ करू शकतात, आणि थरामुळे ॲव्हरेज घटले असेल तर ते पूर्वपदावर येऊ शकते. पण ते मूळच्यापेक्षा वर जात नाही, आणि इंजेक्टर स्वच्छ असतील तर फरकच पडत नाही. अनेक ठिकाणी पंपावरच्या पेट्रोलमध्ये असे डिटर्जंट आधीच मिसळलेले असतात.

ऑक्टेन वाढवणारी द्रव्ये, किंवा गरज नसताना भरलेले जास्त ऑक्टेनचे पेट्रोल, यांचाही असाच गोंधळ होतो. ऑक्टेन हा आकडा दाबाखाली अवेळी पेट न घेण्याच्या गुणाचा आहे, ऊर्जेचा नाही. उत्पादकाने ज्या ऑक्टेनची शिफारस केली आहे त्याहून जास्त भरून साध्या गाडीला काही मिळत नाही.

ॲसिटोनमध्ये त्याच वजनाच्या पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, आणि रबर व काही प्लास्टिक विरघळवणे हा त्याचा धर्म आहे. नळ्या आणि सील यांचे काय होईल ते सांगायला नको. डांबरगोळ्यांचा नुस्खा फार जुना आहे. या गोळ्या मुळात ज्याच्या असत त्या नॅफ्थलीनचे ऑक्टेन चांगले असते आणि जुन्या काळच्या हलक्या प्रतीच्या पेट्रोलमध्ये त्याने ठोके थोडे कमी झालेही असतील, पण थंडीत ते पुन्हा स्फटिकरूप होऊन फिल्टर आणि बारीक छिद्रे बुजवू शकते. शिवाय आज बाजारात मिळणाऱ्या अनेक गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतातच. त्यांतील क्लोरीनयुक्त रसायन जळाले की आम्ल तयार होते.

लिटरला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर देणारा कार्ब्युरेटर तेल कंपन्यांनी दाबून टाकला, असे ऐकले आहे.

ही दंतकथा 1930 च्या दशकातली आहे. कॅनडातील चार्ल्स नेल्सन पोग यांनी पेट्रोलची आधी वाफ करून ती इंजिनात सोडणाऱ्या कार्ब्युरेटरची पेटंटे घेतली, आणि त्यातून गॅलनला 200 मैल, म्हणजे अमेरिकी गॅलन धरला तर लिटरला सुमारे 85 किलोमीटर मिळतात अशी आख्यायिका तयार झाली. पेटंटे दाबलेली नाहीत. ती आजही कोणालाही वाचता येतात.

दावा तपासण्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही. आजच्या 1,200 किलो वजनाच्या, हवा बऱ्यापैकी कापणाऱ्या गाडीला सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरला हवेचा साधारण 190 न्यूटन आणि टायरचा 120 न्यूटन असा एकूण 310 न्यूटन विरोध होतो. शंभर किलोमीटर जाण्यासाठी त्याविरुद्ध 31 मेगाज्यूल काम करावे लागते, आणि हे जवळजवळ एका लिटर पेट्रोलच्या संपूर्ण ऊर्जेइतके झाले. शंभर किलोमीटरला 1.2 लिटर लागतात असे म्हणणे म्हणजे इंजिनाची कार्यक्षमता 80 टक्क्यांच्या पुढे आहे असे म्हणणे. ही आजची चोपडी गाडी झाली. 1930 च्या दशकातील चौकोनी, उभ्या काचेच्या गाड्यांना हवेचा विरोध याहून पुष्कळ अधिक होत असे.

हे खरेच चालत असते तर गाडीच्या कंपन्यांनी ते आधीच बसवले नसते का? की त्यांचे तेल कंपन्यांशी संगनमत आहे?

युरोपीय संघाने नव्या गाड्यांसाठी कार्बन डायऑक्साइडचे सरासरी लक्ष्य किलोमीटरला 95 ग्रॅम असे ठरवले, आणि कंपनीची सरासरी त्याहून जितके ग्रॅम वर जाईल तितक्या प्रत्येक ग्रॅममागे विकलेल्या प्रत्येक गाडीवर 95 युरो दंड ठेवला. वर्षाला दहा लाख गाड्या विकणाऱ्या कंपनीला एका ग्रॅमची चूक साडेनऊ कोटी युरोंना पडते. पाच टक्के बचत करणारा चुंबक खरोखर असता, तर त्याने किलोमीटरमागे पाचेक ग्रॅम वाचले असते. तो फुकटात जोडायला कंपन्या रांगेत उभ्या राहिल्या असत्या.

जे चालते ते त्यांनी खरोखरच उचलले आहे. ऑक्सिजन सेन्सर 1976 मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांत प्रथम आला आणि काही वर्षांतच सर्वत्र पसरला. रेडियल टायर, इंधन इंजेक्शन, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी व्यवस्था, पातळ ऑइल, गरज नसताना पुढची जाळी मिटवणारे पडदे ही सगळी त्याच यादीतली नावे. यातल्या पुष्कळ गोष्टी दोन-तीन टक्क्यांसाठी केल्या जातात, यावरून दोन-तीन टक्के मिळवणे किती कठीण असते याची कल्पना यावी.

उत्पादनावर ‘पेटंटप्राप्त’ किंवा ‘ईपीए-मान्य’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ काय?

पेटंट मिळण्यासाठी कल्पना नवी असावी लागते; ती वस्तू दाव्याइतकी बचत करते की नाही हे पेटंट कार्यालय गाडीत बसवून तपासत नाही. ईपीए अशा कोणत्याही उपकरणाला मान्यता किंवा शिफारस देत नाही. द्रव्यांची तेथे नोंदणी करावी लागते आणि नोंदणीलाच काही विक्रेते मान्यता म्हणतात. ग्राहकांची पत्रे आणि चित्रफिती हा पुरावा नव्हे. ट्रकांच्या इंधनखर्चाच्या तुलनेसाठी ‘एसएई जे1321’ नावाची प्रमाणित पद्धत आहे. तिच्यात एक न बदललेला ट्रक सोबत धावतो, म्हणजे वारा, ऊन, रस्ता यांचा परिणाम दोघांवर सारखा होतो. अशा पद्धतीचा, स्वतंत्र प्रयोगशाळेने दिलेला संपूर्ण अहवाल मागून पाहावा. बहुधा त्यानंतर विक्रेत्याकडून उत्तर येणे थांबते.

माझ्या ओळखीच्या एकाला खरोखर फरक पडला. तो खोटे बोलतो का?

तो खोटे बोलत नसावा. टाकी फुल्ल करून ॲव्हरेज काढताना पंपाची नळी थोडी आधी किंवा नंतर बंद होते; 30 लिटर भरताना एका लिटरची तफावत पडली तरी उत्तर तीन टक्क्यांनी हलते. पेट्रोलचे तापमान 10 अंशांनी बदलले की त्याचे आकारमान सुमारे एक टक्क्याने बदलते. थंडी संपून ऋतू बदलला, टायरमध्ये हवा भरली, एसी कमी लागला, गर्दीचा आठवडा जाऊन मोकळा आठवडा आला, यांतल्या कशानेही पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतात. उपकरण बसवताना मेकॅनिकने प्लग साफ केले असतील तर त्याचे श्रेयही उपकरणालाच मिळते.

सर्वांत मोठे कारण मात्र चालकाच्या उजव्या पायात असते. पैसे खर्चून काही बसवले की माणूस आकडा पाहू लागतो, आणि आकडा पाहणारा माणूस हळुवार चालवतो. शिवाय माणूस उपकरण विकत घेतो तेच मुळी ॲव्हरेज खूप पडल्यावर. पडलेला आकडा काही न करताही आपल्या नेहमीच्या जागी परत येतोच.

मला स्वतः खात्री करून घ्यायची आहे. चाचणी कशी करावी?

एका टाकीची तुलना दुसऱ्या टाकीशी करणे व्यर्थ आहे. एकाच पंपावर, एकाच बाजूला गाडी उभी करून, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथेच थांबून, निदान पाच-सहा टाक्या उपकरणासह आणि तितक्याच उपकरणाशिवाय भराव्यात. त्याही सलग नव्हे, तर आलटून पालटून. टायरमधील हवा दर वेळी थंड असताना तपासावी आणि रोजचा मार्ग तोच ठेवावा. शक्य असेल तर उपकरण चालू आहे की बंद हे घरातील दुसऱ्या कोणी ठरवावे, त्याची नोंद ठेवावी आणि सगळे आकडे हाती आल्यावरच ती उघड करावी. या शेवटच्या अटीचे लोकांना हसू येते, पण चाचणीचा जीव तिच्यातच आहे. उपकरणाशिवायच्या सहा टाक्यांचे आकडे आपापसांतच किती पसरलेले आहेत ते आधी पाहावे. दोन गटांच्या सरासरीतील फरक त्या पसरण्यापुढे किरकोळ असेल, तर सापडलेले काही नाही.

महागडे स्पार्क प्लग, जास्त हवा सोडणारा एअर फिल्टर?

जुने प्लग झिजलेले असतील तर नव्याने फरक पडतो, मग ते साधे असोत की इरिडियमचे. इरिडियमचे प्लग जास्त टिकतात, एवढाच त्यांचा मुख्य लाभ. फिल्टरबाबत अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने केलेल्या चाचणीत असे दिसले की इंजेक्शनच्या आधुनिक गाडीत कोंदटलेला फिल्टर बदलल्याने वेग घेण्याची क्षमता सुधारते, पण ॲव्हरेज बदलत नाही, कारण हवा कमी आली तर ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र कोंदटलेला फिल्टर बदलल्याने खरोखर बचत होते.

ईसीयू रीमॅप करून घेतला तर?

रीमॅप म्हणजे ईसीयूमधील प्रोग्राम बदलणे. हे वरच्या वस्तूंसारखे थोतांड नाही. उत्पादक आपला प्रोग्राम प्रदूषण, निरनिराळ्या दर्जाचे इंधन, उष्ण हवामान आणि वॉरंटी यांचा विचार करून सावधपणे लिहितो, आणि त्या सावधगिरीतून, विशेषतः टर्बो डिझेलमध्ये, कुशल माणूस काही शक्ती काढू शकतो. इंधनाची बचत मात्र लहान आणि अनिश्चित असते, आणि हाती आलेली जादा शक्ती वापरायचा मोह आवरला तरच ती दिसते. वॉरंटी आणि प्रदूषणाचे नियम यांचा प्रश्न उरतोच.

मग खरोखर कशाने इंधन वाचते?

ज्या गोष्टींनी वाचते त्या जवळजवळ सगळ्या इंजिनाच्या बाहेर आहेत. गाडीच्या छतावरची सामानाची पेटी हे सर्वांत ठळक उदाहरण आहे: अमेरिकी ऊर्जा विभाग व ईपीए यांच्या माहितीनुसार मोठ्या पेटीमुळे महामार्गावर 6 ते 17 टक्के आणि त्याहून जास्त वेगाला 10 ते 25 टक्के ॲव्हरेज घटते. म्हणजे सर्वांत प्रभावी ‘उपकरण’ हे काढून ठेवण्याचे आहे. धसमुसळेपणाने वेग घेणे आणि करकचून ब्रेक दाबणे यांचा तोटा त्याच स्रोतानुसार महामार्गावर 15 ते 30 टक्के आणि थांबत-थांबत जाणाऱ्या रहदारीत 10 ते 40 टक्के असतो. कोणतीही डबी या आकड्यांच्या जवळपास येत नाही.

बाकीचे लहान आहे पण खरे आहे. चारही टायरमधील हवा सरासरी एक पीएसआय कमी झाली तर सुमारे 0.2 टक्के जास्त इंधन लागते. उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल वापरल्याने एक-दोन टक्के वाचतात. डिकीतील 45 किलोंचे अनावश्यक सामान साधारण एक टक्का घेते, आणि ते लहान गाडीला जास्त जाणवते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 110 ला गेले की तो जवळपास दुप्पट होतो.

मी असे उपकरण आधीच बसवले आहे. आता काय करावे?

चुंबक, नळीवरचे कडे, लायटरमधील डबी यांची घाई नाही. सवडीने काढून ठेवावी. ओबीडीमधील अनोळखी डबी आजच काढावी, कारण ती विनाकारण बॅटरी खात राहते आणि ज्या सॉकेटमधून गाडीच्या सर्व संगणकांशी बोलता येते तेथे असली वस्तू ठेवू नये. ऑक्सिजन सेन्सरचे सर्किट किंवा हायड्रोजनचे किट असेल तर ते स्वतः न उपटता जाणत्या मेकॅनिककडून काढून घ्यावे, मूळ जोडणी पूर्ववत करून घ्यावी आणि ईसीयूमध्ये साठलेले दोष-संकेत व मिश्रणाची जुनी दुरुस्ती पुसून घ्यावी. त्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटर इंजिन किंचित वेगळे वागल्यासारखे वाटू शकते. ईसीयू खऱ्या सेन्सरवरून पुन्हा मोजमाप घेत असतो. पेट्रोलची नळी कापून काही बसवले असेल तर त्या जागी क्लॅम्प आवळून भागवू नये, नळीचा तो तुकडाच नवा घालावा, आणि इंजिन चालू ठेवून जोडापाशी ओल किंवा पेट्रोलचा वास नाही ना, हे पाहिल्याशिवाय बॉनेट लावू नये.